सोर्स मागायचा तर कुणाकडे?

आमच्या लिनक्सवाल्या मित्रमंडळात एक हट्टी गडी आहे. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केलाच पाहिजे, नाहीतर इथे येऊच नये, असं त्याचं ठाम मत. चहाच्या टपरीवर हा वाद किती वेळा झालाय, मोजदाद नाही.

मला ते पटत नाही. मी सबलाइम टेक्स्ट हा मजकूर लिहायचा एडिटर वापरतो, रीतसर पैसे भरून. त्याचा सोर्स बंद आहे आणि त्यामुळे माझं काहीच अडत नाही. मी त्यात लिहितो ती साधी टेक्स्ट फाइल. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तरी तीच फाइल विमसारख्या खुल्या एडिटरमध्ये उघडेल. प्रोग्राम लिहून कुणी पोट भरत असेल तर केवळ मी लिनक्स वापरतो म्हणून त्याच्या पोटावर पाय द्यायचा हक्क मला कसा मिळतो? कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, लायसन्सही तसं म्हणत नाही. सिस्टीम कॉलमधून, म्हणजे ठरलेल्या विनंत्यांतून, कर्नलच्या सेवा वापरणारा नेहमीचा प्रोग्राम जीपीएलच्या (प्रोग्राम वाटला तर सोर्सही द्या, असं सांगणाऱ्या त्या लायसन्सच्या) कक्षेत येत नाही, हे कर्नलच्या सोर्ससोबत लेखी दिलेलं आहे. हे दाखवलं की आमचा गडी म्हणतो, "कायद्याचं सांगू नकोस, नीतीचं बोल."

बरं, नीतीचं बोलू. ड्रायव्हरपाशी, म्हणजे यंत्राशी कॉम्प्युटरचं बोलणं घडवणाऱ्या प्रोग्रामपाशी, आलं की मी त्याच्या बाजूचा.

माझं नोट्स आणि प्रश्नपत्रिका छापून द्यायचं छोटं दुकान आहे. त्यातला एक लेझर प्रिंटर रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरला जोडायचं ठरवलं, म्हणजे एवढ्याशा कामासाठी अख्खा डेस्कटॉप दिवसभर चालू ठेवायला नको. कंपनीच्या साइटवर लिनक्सचा ड्रायव्हर होता. इन्स्टॉल करायला गेलो तर डीपीकेजी या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामने दारातच अडवलं: पॅकेज आय३८६ चं (३२-बिट इंटेल प्रोसेसरचं), मशीन आर्म६४ (वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचं). मग ते पॅकेज, म्हणजे डेब फाइल, सोडवून आत डोकावलो. एक पीपीडी फाइल, म्हणजे प्रिंटरची माहिती, ती वाचता येते. आणि एक फिल्टर, म्हणजे पानाचं चित्र प्रिंटरला कळेल अशा भाषेत बदलणारा प्रोग्राम. त्यावर फाइलचा प्रकार सांगणारी 'फाइल' कमांड चालवली, तर उत्तर आलं, ३२-बिट, इंटेल ८०३८६. संपलं. कस्टमर केअरवाल्या ताईंनी नम्रपणे सुचवलं, सर, विंडोज वापरा.

लोक विचारतात, सोर्स मिळाला तरी वाचणार कोण? अरे, मला वाचायचा नव्हताच. तो दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल व्हायला, म्हणजे त्याला चालेल अशा रूपात यायला, हवा होता, बस. माझ्यासारखा अडलेला कुणीतरी ते एकदा करतो आणि मग सगळ्यांचं भागतं. प्रिंटरचे पैसे मी मोजलेत. त्याच्याशी बोलायची भाषा वेगळी विकायची वस्तू नाही. नवे बरेच प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर या जाहीर मानकावर चालतात, त्यांना कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही. म्हणजे भाषा जाहीर असली तर सोर्सचा हट्टही मी सोडतो. (मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारे रिचर्ड स्टॉलमन यांची ठिणगीही अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या प्रिंटरवरूनच पडली होती, १९८० च्या आसपास. एवढ्या वर्षांत प्रिंटर काही सुधारले नाहीत.)

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा, सोर्स एमआयटी (फार थोड्या अटींचं लायसन्स) आणि जीपीएल अशा दुहेरी लायसन्सखाली दिला आणि आमच्यात पेढे वाटायचीच बाकी राहिली. पण नीट बघा. बरंचसं काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यात चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेलंय आणि ते फर्मवेअर बंदच आहे. ओपनजीएल, व्हल्कन (चित्रं काढायला), कुडा (आकडेमोडीला) यांचे वरचे भागही बंद. शिवाय हे मॉड्यूल ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांनाच चालतं. जुनं कार्ड सांभाळत बसलेल्या माणसाला खुल्या ड्रायव्हरची गरज सगळ्यात जास्त, आणि नेमका तोच बाहेर. तरी झालं ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आता कर्नल अपडेट केल्यावर काही मोडलं तर निदान कुठे मोडलं ते बघता येतं.

राहिला बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. "विकत नाही ना, मग टाका की गिटहबवर," असं (गिटहब म्हणजे सोर्स ठेवायची साइट) म्हणणाऱ्यांनी डूम या गेमची हकीकत वाचावी. १९९७ च्या डिसेंबरात त्याचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी सोर्स दिला तो लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस या जुन्या सिस्टीमवरच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीलाही १९९८ मध्ये सोर्स देण्याआधी इतरांचा कोड आणि एन्क्रिप्शनचा भाग काढावा लागला. सोर्स बाहेर काढायचा म्हणजे महिनोन्‌महिने निवडत बसायचं काम, आणि बुडत्या कंपनीत ते करायला माणूसच उरत नाही.

कधीकधी उरतो. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. त्याचे कर्ते टोन रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांना राजी केलं, एक लाख युरोंत हक्क सोडवायचं ठरलं, आणि ती रक्कम लोकांनी सात आठवड्यांत जमवून दिली. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएलखाली आलं. २०२५ मध्ये ज्या लाटव्हियन ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, तो यातच बनलाय.

हे सांगितल्यावर गडी खूश. "बघ, मी काय म्हणतोय!" मी म्हटलं, पण तिथे पैसे मोजून सोडवलं, मालकाला शिव्या घालून नव्हे. त्यावर तो म्हणाला, मग तुझ्या प्रिंटरवाल्याला विचार, किती घेणार. विचारायला हरकत नाही म्हणा. मेल टाकलीय; अजून तरी उत्तर नाही.