तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दोईबाई कोण?

मी पुण्यात जपानी शिकवते, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्यापासून एक प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. जपानची पहिली बाई पंतप्रधान ही ना मॅडम, मग तुम्ही त्या दोईबाईंचं नाव सारखं कशाला घेता, त्या तर कधी पंतप्रधान झाल्याच नाहीत आणि शेवटी पक्षही बुडाला ना त्यांचा?

हो, बुडाला. पण जरा ऐका.

दोई ताकाको या जपानच्या समाजवादी पक्षाच्या नेत्या, पण माझ्याकडे त्या राजकारणातून आल्याच नाहीत, व्याकरणातून आल्या. (ताकाको म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी 'ताक' म्हणून हसतंच, हसून घ्या.) 'शिका नाइ' म्हणजे त्याशिवाय इलाज नाही, आणि बोलताना त्याचं घाईघाईत 'क्क्या नाइ' होतं. हे शिकवायला मला एकच उदाहरण लागतं, 'यारु क्क्या नाइ', म्हणजे आता करायलाच हवं. हे दोईबाईंचं वाक्य. १९८६ च्या जुलैत समाजवादी पक्षाचा खालच्या सभागृहात पार चुथडा झाला होता, सत्ताधारी एलडीपीला (लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी) ३०० जागा आणि हे शंभरच्या आत, जुने अध्यक्ष राजीनामा देऊन मोकळे झाले आणि सप्टेंबरमध्ये पक्षाची धुरा या बाईंकडे आली. मोठ्या पक्षाच्या अध्यक्षपदी बाई, हे जपानमध्ये पहिल्यांदाच घडत होतं. आता हरलेल्या घरात किल्ल्या बाईच्या हातात देतात हे आपल्याला काही नवीन नाही, त्यावर मी जास्त बोलत नाही.

मूळच्या कोबेच्या, डॉक्टरची मुलगी, दोशिशा विद्यापीठात राज्यघटना शिकवायच्या आणि १९६९ मध्ये खासदार झाल्या. नेत्या होण्याआधीचं त्यांचं एक काम फार कमी लोकांना माहीत असतं. तेव्हा जपानमध्ये नागरिकत्व बापाकडून मिळायचं, आई जपानी आणि बाप परदेशी असेल तर मूल जपानी नाही. हा विषय त्यांनी संसदेत लावून धरला, शेवटी कायदा बदलला आणि १९८५ च्या १ जानेवारीपासून आईकडूनही नागरिकत्व मिळायला लागलं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच.

पण गाजलं ते १९८९. त्या वर्षी १ एप्रिलपासून सरकारने ३ टक्के कन्झम्प्शन टॅक्स लावला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १०० येनची वस्तू घ्यायची तर १०३ येन द्यायचे, म्हणजे पर्समध्ये एक येनची ती ॲल्युमिनियमची नाणी, एक ग्रॅमची, फुंकर मारली तर उडतील अशी, ती साठायला लागली आणि बायकांना रोज दुकानात सरकारची आठवण यायला लागली. त्यात रिक्रूट कंपनीच्या शेअर्सचं लाच प्रकरण आधीपासून चालू होतं, वर नवे पंतप्रधान ऊनो यांचं एका गेइशाशी, म्हणजे मेजवान्यांत नाचगाणं करणाऱ्या कलावंतिणीशी, असलेलं प्रकरण बाहेर आलं. दोईबाईंचं उत्तर एका ओळीचं, 'दामे ना मोनो वा दामे', नाही म्हणजे नाही. पक्षाने बायकांना भरपूर तिकिटं दिली, पेपरवाल्यांनी त्याला 'मॅडोना बूम' असं जरा चावट नाव दिलं आणि लोक बाईंना 'ओताकासान' म्हणायला लागले, आपण ताकाताई म्हणू तसं. जुलैत वरच्या सभागृहाच्या निवडणुकीत समाजवादी ४६, एलडीपी ३६. १९५५ साली पक्ष स्थापन झाल्यापासून एलडीपीचं तिथलं बहुमत पहिल्यांदाच गेलं. तेव्हा बाई म्हणाल्या, 'यामा गा उगोइता', डोंगर हलला. ही कल्पना कवयित्री योसानो आकिको यांच्या १९११ च्या कवितेतली.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. ऑगस्टमध्ये वरच्या सभागृहाने पंतप्रधान म्हणून चक्क दोईबाईंना निवडलं! खालच्या सभागृहाने एलडीपीचे काइफू यांना निवडलं आणि दोघांत मतभेद झाला तर खालच्याचंच चालतं, तिथे विषय संपला. पुढच्या वर्षी खालच्या सभागृहातही पक्ष १३६ पर्यंत गेला, पण सत्ता एलडीपीकडेच राहिली, आणि १९९१ मध्ये स्थानिक निवडणुकांत मार खाल्ल्यावर त्यांनी अध्यक्षपद सोडलं.

१९९३ मध्ये एलडीपी सत्तेबाहेर गेली आणि बाई खालच्या सभागृहाच्या सभापती झाल्या, तिथेही पहिल्याच. जानेवारी १९९४ मध्ये निवडणूक सुधारणेचं बिल अडकलं, अडकवलं कोणी तर वरच्या सभागृहात त्यांच्याच पक्षाच्या फुटीर खासदारांनी. पंतप्रधान होसोकावा आणि एलडीपीचे कोनो यांना एकत्र बसवायला दोईबाईंनीच मध्यस्थी केली, तडजोड झाली आणि एक मतदारसंघ-एक खासदार पद्धत आली, जोडीला काही जागा पक्षांच्या यादीतून भरायच्या. त्या पद्धतीत छोटे पक्ष चिरडतात. १९९६ मध्ये बाई पुन्हा पक्षाध्यक्ष झाल्या आणि जागा आल्या १५. अर्थात सगळं खापर पद्धतीवर फोडता येत नाही, मधल्या काळात पक्ष एलडीपीच्याच मांडीला मांडी लावून सत्तेत बसला होता, मतदार कसा विसरेल.

आणि त्यांची एक चूक मी झाकत नाही. उत्तर कोरियाने जपानी माणसं पळवून नेली यावर या पक्षाने वर्षानुवर्षं शंका घेतली, तिकडच्या पक्षाशी त्यांचं सख्य होतं ना. सप्टेंबर २००२ मध्ये किम जोंग इल यांनी स्वतःच कबूल केलं तेव्हा तोंड दाखवायला जागा उरली नाही. २००३ मध्ये ६ जागा, बाई स्वतःच्या मतदारसंघात हरल्या, यादीतून कशाबशा आत आल्या आणि अध्यक्षपद सोडलं. २०१४ मध्ये गेल्या, वय ८५.

वर्गात मात्र मी सभापतीच्या खुर्चीतल्या दोईबाई सांगते. जपानच्या संसदेत सभापती खासदारांना नावापुढे 'कुन' लावून पुकारतात, मास्तर वर्गातल्या पोरांना हाक मारतात तसं, मग समोर साठीची बाई का असेना, तीही कुन. दोईबाईंनी खुर्चीत बसल्यावर सगळ्यांना 'सान' (बाई असो वा पुरुष, सगळ्यांना सारखंच लागणारं, आपल्या 'जी'सारखं आदराचं) म्हणायला सुरुवात केली, पंतप्रधानांपासून नवख्या खासदारापर्यंत. १९९६ मध्ये त्या खुर्चीवरून उतरल्या. नंतर आलेल्या सभापतींनी पुन्हा 'कुन' सुरू केलं.