रविवार गेला त्रिकोण मोजण्यात

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवलाय. आत १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर. बस, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा हा गडी ४५० मेगाहर्ट्झला निमूट पळतो. पण मला कुठे चैन! ११२ लावलं, ५०४ झाले. विंडोज ९८ उघडलं, सॉलिटेअरही चाललं. थ्रीडीची टेस्ट लावली आणि चौथ्या मिनिटाला आकाशातून जांभळे त्रिकोण लोंबायला लागले. मग चित्रच गोठलं. आई मागून म्हणाली, "रांगोळी छान आहे, आता जेवायला ये."

जुन्या बाजारातून आणलेलं ग्राफिक्स कार्डच गंडलेलं असणार, असं धरून चाललो. त्याचा पंखा बोटाने फिरवला तर जात्यासारखा जड. स्टिकर सोलून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. पंखा भिरभिरला. त्रिकोण तसेच!

मग ट्यूब पेटली. या ४४०बीएक्स मदरबोर्डवर एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसतं तो स्लॉट, चालतो बसच्या दोन तृतीयांश वेगाने. १०० ला बरोबर त्याचे ठरलेले ६६, ११२ ला मात्र जवळजवळ ७५. म्हणजे मी पळवत होतो प्रोसेसरला आणि धाप लागत होती कार्डाला. उगाच बिचाऱ्याला बोल लावला.

१०० वर आणून टेस्ट लूपवर टाकली आणि शनिपाराला चहा पिऊन आलो. दोन तास झाले, एक ठिपका नाही. आता कार्डाचा स्वतःचा क्लॉक पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवून बघणार. आईला अजून सांगितलेलं नाही.