निसान वन-टनरचं हेड पॅकिंग बदललं त्याची गोष्ट

कुंभार्ली घाट चढताना गाडी तापली, एवढ्यावरून हेडचं पॅकिंग, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधला सांधा बंद ठेवणारा पत्रा, गेलं असं म्हणायला मी तयार नव्हतो. जुनं पेट्रोल इंजिन, मागे सिमेंटची पोती, वर एप्रिलचं ऊन, तापणारच. पण रेडिएटरमधलं पाणी कमी होत होतं आणि गाडीखाली थेंब दिसत नव्हता. होज कोरडे, वॉटर पंप कोरडा. सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिन थोडा वेळ लंगडायचं, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, मग सुरळीत. ऑइलची काठी मात्र स्वच्छ. दुधाळपणा अजिबात नाही. त्यामुळे भेटेल तो म्हणायचा, "पॅकिंग नाही रे, ऑइल बघ की किती झकास आहे." पॅकिंग गेलं की ऑइलचा चहा झालाच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पाणी सिलिंडरमध्ये जात असेल तर ऑइलला त्याची खबरही लागत नाही.

गाडी निसान वन-टनर. निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली, लष्करातून निघालेली, लिलावातून फिरत फिरत आमच्याकडे आलेली. शक्तिमान ट्रक, जोंगा जीप आणि ही, या तिघींनी आपल्या लष्कराची कित्येक दशकं ओढली. इंजिन सरळ सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसी. बोअर ८५.७ मिमी आणि स्ट्रोक ११४.३ मिमी, म्हणजे स्ट्रोक चांगलाच लांब. त्यामुळे कमी आरपीएमवर, दगडगोट्यांच्या शेतरस्त्यावर ती अशी ओढते की बघत राहावं. पेट्रोल किती पिते ते विचारू नका. "डिझेल इंजिन बसवून टाक" हा सल्ला मला आजवर प्रत्येक गॅरेजमध्ये मिळालाय. एक गोष्ट बरी, की जोंगालाही हेच इंजिन होतं. त्यामुळे सुटे भाग शोधताना वन-टनरचं नाव काढायचं नाही, जोंगाचं मागायचं. मग लोकांना कळतं.

कामाला सोबत मेजर होते. लष्करातून परत आलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे मेजरच असतो. हे ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी ही इंजिनं उघडलेली आहेत. मी पाना-पेटी घेऊन गेलो तर म्हणाले, "उघडायची घाई कशाला? आधी मोजून घे. उघडल्यावर काय मोजणार तू?"

मग फॅनबेल्ट काढला, रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी काठोकाठ भरलं आणि थंड इंजिन चालू केलं. बेल्ट काढायचा कारण पंप फिरला की पाणी घुसळतं, आणि बुडबुडे पंपाचे की सिलिंडरचे ते कळत नाही. पंप बंद असतानाही बुडबुडे आले, आणि चालू केल्या केल्या आले. थंड पाणी उकळत तर नाही ना. म्हणजे जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. हे बघायला अर्धं मिनिट पुरतं, पंपाशिवाय जास्त चालवूही नये.

नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. सगळे प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. चार सिलिंडर ११५ ते १२० पौंडांच्या आसपास. दुसरा आणि तिसरा मात्र साठीच्या घरात. दोघांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, काटा तिथेच. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं आकडा वर सरकला असता. आणि व्हॉल्व्ह जळाला तर सहसा एकाच सिलिंडरचा जळतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडतात तेव्हा त्यांच्या मधली भिंत गेली समजायचं. मेजरांनी आकडे खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

उघडण्याच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. बॅटरी सोडायची, पाणी काढायचं, कार्बोरेटर, होज, रॉकर कव्हर. वेळ खातो तो मॅनिफोल्ड. त्याचे नट उष्णतेनं आणि गंजानं असे धरलेले असतात की जोर केला की स्टड तुटलाच. रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं, सकाळी गॅसकटरवाल्याला बोलावून नट तेवढे लाल करून घेतले, आणि एकही स्टड न तुटता सगळं सुटलं. रॉकर शाफ्टचे बोल्ट मात्र एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत. खाली स्प्रिंगा दाबलेल्या असतात. एक बाजू सोडून दुसरी धरून ठेवली तर शाफ्ट वाकतो. सगळीकडे थोडं थोडं सोडत यायचं. व्हॉल्व्हच्या रॉकरला खालून ढकलणारे पुशरॉड बारा, खोक्याच्या पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून, नंबर टाकून त्यात खोचून ठेवले. जो रॉड ज्या टॅपेटवर झिजलाय तो तिथेच परत गेला पाहिजे.

ब्लॉकचं पाणी काढताना खरी भानगड समजली. रेडिएटरची चावी उघडली, पाणी आलं. ब्लॉकच्या बाजूची चावी उघडली, काहीच नाही. चावी काढली तरी नाही. आत तार घालून ढोसल्यावर तांबडा गाळ गोळ्यागोळ्यानं बाहेर पडायला लागला, अगदी पावसाळ्यातल्या नांगरटीसारखा. त्याच्या मागोमाग पाणी. वर्षानुवर्षं विहिरीचं, बोअरचं, ओढ्याचं, जे मिळेल ते पाणी टाकलेलं. हेड उतरवायच्या आधी ब्लॉक रिकामा करायचा तो पाणी सिलिंडरमधून ऑइलमध्ये जाऊ नये म्हणून. इथे त्यानं रोगाचं मूळच दाखवलं. पॅकिंग नुसतं बदलून इंजिन परत जोडून टाकलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा काढावं लागलं असतं.

हेडचे बोल्ट थंड इंजिनवर, कडेपासून मध्याकडे, पाव-पाव आटा सोडत काढले. सगळे निघाले तरी हेड जागचं हलेना. अशा वेळी फटीत स्क्रूड्रायव्हर घालून ठोकण्याचा मोह होतो, आणि तिथेच फेसवर, म्हणजे सांध्याच्या सपाट बाजूवर, कायमचा ओरखडा पडतो. मेजरांनी प्लग परत बसवायला लावले आणि स्टार्टरला हात घातला. पिस्टन वर आले, आतल्या हवेनं हेडला खालून धक्का दिला, आणि बारीक 'टक' आवाज येऊन सांधा सुटला. बीडाचं सहा सिलिंडरचं हेड हातानं उचलायच्या भानगडीत कुणी पडू नये. चेन ब्लॉक लावला.

पॅकिंग तांब्याच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस दाबलेलं, जुन्या पद्धतीचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी बोटभर लांब जळून काळी झाली होती, तांबं पार खाल्लेलं. तिथूनच एक वाट पाण्याच्या भोकाकडे गेलेली. पिस्टनांवर नजर टाकली तर पाच जणांच्या डोक्यावर काजळीचा जाड थर, आणि तिसरा लखलखीत. पाण्याची वाफ रोज त्याला धूत होती. पाणी कुठे जातंय या प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव साफसफाईत आहे, आणि गॅरेजमध्ये नेमकी तिथेच घाई होते. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून जुनं पॅकिंग ओलं करून, मास्क लावून खरवडलं आणि सगळा चोथा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला. ग्राइंडरला वायर ब्रश लावून फेस चकाचक करणारे मी पाहिलेत. त्यानं धूळ उडते ती वेगळीच, शिवाय फेसवर खळगे पडतात आणि तारांचे तुकडे इंजिनात जातात. बोअरमध्ये आणि पुशरॉडच्या भोकांत फडकी कोंबायची आणि पितळी स्क्रॅपर हळूहळू चालवायचा.

त्याहून महत्त्वाची बोल्टांची भोकं. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल, पाणी किंवा गाळ राहिला तर बोल्ट आवळताना तो तळाशी दाबला जातो. ठरलेला जोर लागला की आवाज करणारा टॉर्क पाना 'कट' म्हणतो, आपल्याला वाटतं हेड बसलं. प्रत्यक्षात बोल्ट गाळावर बसलेला असतो. नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडाही जातो. एका जुन्या बोल्टला हॅक-सॉनं उभा काप मारून त्याचाच टॅप केला आणि प्रत्येक आटा साफ केला. काही भोकांतून निघालेला चिखल पाहिला तेव्हा वाटलं, मागच्या वेळी हे हेड कधी नीट आवळलंच गेलं नसावं.

हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथे फौंड्री आणि मशीन शॉपची पिढ्यांची परंपरा आहे, हेड हातात घेणारा माणूस वजनावरूनच बोलायला लागतो. आधी प्रेशर टेस्ट, कारण तडा असेल तर पुढचा खर्च फुकट. तडा नव्हता. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर मधोमध सहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाक. बीडाच्या एवढ्या लांब हेडला साधारण चार थाउ, म्हणजे ०.१ मिमीच्या पुढे वाक सोडू नये. कारागीर म्हणाले, "वीस थाउ मारतो, एकदम आरसा होईल." मी म्हटलं, "दादा, आरसा नको, सपाट पाहिजे." वाक जाईल तेवढंच काढायला लावलं. हेड जेवढं घासू तेवढं कॉम्प्रेशन वाढतं, पुढच्या वेळेसाठी धातू कमी उरतो, आणि पुशरॉड त्याच लांबीचे असल्यानं टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट कमी होते. ब्लॉकचा फेस जागेवरच तपासला, तो सरळ निघाला.

पॅकिंग दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून कुरिअरनं आलं. जोंगाचं म्हणूनच मागवलं. आल्या आल्या ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळतंय का ते पाहिलं, आणि मग ते सपाट फळीवर ठेवलं. भिंतीवर खिळ्याला टांगलं की वाकतं.

मधल्या काळात रेडिएटर. वरची टाकी उघडून घेतली तेव्हा नळ्यांपैकी बऱ्याच बुजलेल्या. सळ्या घालून साफ करून घेतल्या. ब्लॉकमध्ये पाण्याचा जोर उलट दिशेनं सोडून निवळ येईपर्यंत धुतला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रोखणारी झडप, कुणीतरी कधीच काढून फेकलेला होता. 'गाडी तापते, थर्मोस्टॅट काढ' हा आपल्याकडचा घरगुती उपाय. नवा बसवला.

बसवताना आमचा थोडा वाद झाला. शेजारच्या मिस्त्रींचं म्हणणं, पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिल्व्हर पेंट मारा. मेजर म्हणाले, "फेस साफ असला तर कशाला पाहिजे, आन् साफ नसला तर पेंटनं काय व्हतंय?" कोरडंच बसवलं. दोन जुन्या बोल्टांची डोकी कापून, वर स्क्रूड्रायव्हरची खाच पाडून ते दोन टोकांना उभे केले. चेन ब्लॉकवरून हेड त्यांच्या आधारानं सरळ खाली आलं, पॅकिंग तसूभर सरकलं नाही. मग बोल्टांना किंचित ऑइल, आणि मध्यापासून बाहेर गोल गोल जात तीन टप्प्यांत टॉर्क. मॅन्युअलमधला आकडा एका झटक्यात गाठायचा नाही. आधी एक तृतीयांश, मग दोन, मग पूर्ण; झालेल्या बोल्टवर खडूची खूण, टप्प्याला एक रेघ.

टॅपेट लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, पाठ असली की काम सोपं: १-५-३-६-२-४. जोड्या पडतात १-६, ५-२, ३-४. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एक मिटत एक उघडत असताना पहिल्याची फट लावायची, दुसऱ्याचे तसे असताना पाचव्याची, असं पुढे. हेड घासलेलं असेल तर हे टाळता येत नाही. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि पॅकिंग नवं टाकून व्हॉल्व्ह जाळून घेतल्यासारखं होतं.

चालू झाली ती फार नाटक न करता. झाकण उघडं ठेवून गरम होऊ दिली. आतली अडकलेली हवा निघाली, पाणी खाली गेलं, तेवढं भरलं, आणि नंतर बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पुन्हा टॉर्क केलं. प्रत्येक बोल्ट त्याच क्रमानं किंचित सोडून परत आकड्यावर आणायचा. असल्या जुन्या पॅकिंगला हे लागतंच, ते पहिल्या तापण्यात दबतं. जवळजवळ सगळेच बोल्ट थोडे पुढे गेले. पाचशेक किलोमीटरनंतर परत एकदा केलं, तेव्हा फार कुणी हललं नाही. दुसऱ्या-तिसऱ्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या बरोबरीला आलंय.

घाटात काटा आता मध्याच्या थोडा वर जाऊन थांबतो. पाण्यात कूलंट टाकलाय आणि ओढ्याचं पाणी बंद. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल अजून पाझरतं, कव्हरचा पत्राच वाकलाय. तो ठोकून सरळ करायचा आणि कॉर्कचं पॅकिंग कापायचं काम बाकी आहे.