तीस खजूर, एकोणतीस बिया

दुपारी तीनच्या सुमाराला सोसायटीत मिक्सरचा एक वेगळाच आवाज येतो. चटणीचा आवाज आखूड आणि तिखट, इडलीच्या पिठाचा जड आणि लांबलचक. हा मात्र आधी घर्रर्र करतो, मग घशात घास अडकल्यासारखा घुंऽऽ, आणि एकदम गप्प. हा खजुराचा आवाज. पात्याला गोळा बसलेला असतो, पातं अडलेलं असतं आणि मिक्सरच्या बुडाचं लाल बटण टक्कन बाहेर आलेलं असतं. आता कुणीतरी ते धूड आडवं करून, बोटाने चाचपत बटण आत दाबत असणार. त्या घरी ड्रायफ्रूटचे लाडू चाललेत हे आजूबाजूच्या तीन घरांना न सांगता कळतं.

'लाडू' हे आपलं माझं. करणारी मंडळी हल्ली 'एनर्जी बाइट्स' म्हणतात, आणि वर 'नो बेक' असंही सांगतात. या 'नो बेक'ची मोठी गंमत वाटते. आपल्याकडे बेक होत होतं तरी काय? रव्याचे, बेसनाचे, डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे, सगळे लाडू जन्मापासून नो बेकच. भट्टी बघितली ती एकट्या नानकटाईने, आणि तीसुद्धा दुसऱ्याची. पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला ती मे महिन्याची दुपार आठवत असेल. रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप (बहुतेक घरी डालडाच) डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, किलोवर भाजणावळ ठरवायची आणि बाकावर नंबर लावून बसायचं. पत्र्याच्या ट्रेमधला माल कुणाचा, हे फक्त एका तेलकट चिठ्ठीवरून कळायचं. आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या ट्रेवर जाईल या धास्तीने पोरं भट्टीच्या तोंडाशी उभी. घरी येताना डब्याचं झाकण लावायचं नाही, कारण गरम नानकटाई झाकली की वाफ धरते आणि मऊ पडते. त्यामुळे वास रस्ताभर, आणि वासामागे ओळखीचे लोकही.

तर भट्टीची भीती आपल्याला नव्हतीच. भीती होती पाकाची. एकतारी की दोनतारी, थेंब पाण्यात टाकला तर गोळी होते की विरघळतो, आणि तेवढ्यात फोन वाजला तर लाडवांच्या गोट्या. खजुराने काय केलं असेल, तर ही भीती घालवली. साखरेच्या पाकाचं पाणी जरा जास्त आटलं की साखर पुन्हा दाणे धरते. खजुरातली साखर बहुतांशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते, ती सहजासहजी दाणे धरत नाही, उलट पाण्याला घट्ट कवटाळून बसते. म्हणून खजूर वर्षभर चिकट राहतो. निसर्गाने आधीच करून, मोजून, बीभोवती गुंडाळून ठेवलेला पाक आहे तो. आपण फक्त बी काढायची.

प्रमाण सांगायचं तर बी काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम आणि सुका मेवा सगळा मिळून १५० ग्रॅम. त्यात बदाम ७५, काजू ५०, पिस्ते २५. दोन चमचे खसखस, चमचाभर तूप, चार-पाच वेलदोडे आणि नखभर जायफळ. २० ग्रॅमचा एक असे वीस लाडू होतात, लहान लिंबाएवढे. सुका मेवा १५० चा २५० केला तर लाडू वळताना हसतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भुगा सापडतो. श्रीमंती दाखवण्याची ही जागा नव्हे.

काजू आणताना आणखी एक. ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात. २४० नंबर त्याहून मोठा, १८० त्याहून. अख्खा, पांढराशुभ्र २४० चा काजू आणायचा आणि मिक्सरमध्ये घालून त्याचा रवा करायचा, याला काय म्हणावं? रविवार पेठेत किंवा मार्केट यार्डात तुकडा काजू मागावा. चव तीच, दर कमी. दुकानदारही आपल्याकडे जरा आदराने बघतो. अक्रोड घ्यायचा असेल तर मात्र आधी एक तुकडा तोंडात टाकूनच घ्या. त्याचं तेल फार लवकर बिघडतं. एक खवट अक्रोड वीसच्या वीस लाडवांना पुरतो, आणि ती चव वेलचीने झाकत नाही.

भाजणं प्रत्येकाचं वेगळं. सगळं एका कढईत एकदम टाकायचा मोह होतो, पण खसखस मिनिटभरात वास सोडते तेव्हा बदाम अजून झोपलेला असतो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बदामाला सात-आठ मिनिटं, काजूला चार-पाच, पिस्त्याला दोन-तीन. बदाम तडतडला की एक काढून सुरीने मधोमध कापायचा. आतून बिस्किटासारखा फिकट रंग दिसला की उतरवायचा. कढईत राहिला तर गॅस बंद केल्यावरही तो भाजत राहतो.

आणि मग थांबायचं. लाडू बिघडतात ते इथे. बदाम गरम असतानाच मिक्सरला लावला जातो. बदामात निम्मं तेलच असतं. गरम असताना ते पातळ होतं, पात्याचा मार बसला की बाहेर येतं, आणि रवाळ पुडीऐवजी भांड्याच्या कडेला चिकटलेला लगदा हाती लागतो. ताटात पसरून, पंख्याखाली, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत वाट बघायची. मिक्सरही सलग फिरवायचा नाही. बटण उलटं फिरवून क्षणभर, सोडायचं, भांडं हलवायचं, पुन्हा क्षणभर. चार-पाच झटक्यांत जाड रवा होतो. बोटांना चकाकी आली की पुढे जाऊ नये. तेल सुटलंच तर डाळ्याचं पीठ किंवा खारकेची पूड दोन चमचे घालून सावरता येतं. तेही जमलं नाही तर बरणीत भरून, वर 'बदाम बटर' लिहून ठेवावं.

खजूर घ्यायचा तो काळा, मऊ कीमिया. इराणचा हा खजूर बोटाने दाबला तरी लगदा होतो. पाकिटातला घट्ट, लालसर खजूरही चालतो, पण त्याला उकळत्या पाण्यावर चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफ द्यावी लागते. पाण्यात भिजवू नका. रमझानच्या दिवसांत कॅम्पात, मोमीनपुऱ्यात खजुराचे इतके प्रकार मांडलेले असतात की एकेक चाखता चाखताच पोट भरावं. कुठलाही असो, प्रत्येक खजूर उभा फोडायचा. नुसती बी दाबून बाहेर काढली की आत काय आहे ते दिसत नाही. कधी आत काळी भुकटी असते, कधी बारीक जाळी. असा निघाला तर सरळ टाकायचा.

फोडलेला खजूर चमचाभर तुपावर, मंद आचेवर, उलथन्याच्या पाठीने दाबत राहायचा. तीन-चार मिनिटांत त्याचा एकजीव गोळा होऊन कढईच्या कडा सुटतात. तिथेच गॅस बंद. 'अजून थोडं परतू या' म्हणून दहा मिनिटं परतलं की पाणी उडून जातं, आणि गार झाल्यावर जे तयार होतं त्याची गाठ कवळीशी आहे. मिक्सरच पसंत असेल तर खजूर एकटा फिरवू नये. सुक्या मेव्याची थोडी पूड बरोबर टाकावी, म्हणजे तो पात्याला गोळा करून बसत नाही आणि लाल बटणाची वेळ येत नाही. दुपारच्या त्या आवाजाचं सगळं रहस्य एवढंच.

मिश्रण कोमट असताना, तळहाताला तूप लावून, लाडू वळायचे. वळत नसतील तर हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. रव्याच्या लाडवाची सवय. ती इथे आवरायची. खजुरातली साखर पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही, म्हणून हे लाडू कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे नीट टिकतात. दुधाचा शिपका म्हणजे बुरशीला मोकळं पाणी आयतं नेऊन देणं. चौथ्या दिवशी डबा उघडला की पांढरी लव. त्यापेक्षा आणखी एक-दोन खजूर कुस्करून घालावेत. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा डबा फ्रिजमध्येच. चिया घालायची फॅशन आहे, खुशाल घाला. फक्त ते बी कोरडं गेलं तर दोन दिवसांत लाडवातलं पाणी शोषून घेतं आणि लाडू घशाला लागतो.

रोल करायचे तर त्याच गोळ्याची चार सेंटिमीटर जाडीची वळकटी करून खसखशीत लोळवायची आणि बटरपेपरमध्ये गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये ठेवायची. मऊ असताना कापली तर सुरीबरोबर पिस्ते ओढले जातात. रात्रभर ठेवून दगड झाली की भेगा पडतात. चकत्या बोटभर जाड.

अंजिराचं निघालं की मन सासवडला जातं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात पुणेकर टोपलीतलं एकेक दाबून बघत ते घेतो. पण ते ताजंच खायचं अंजीर. सकाळी घेतलं की संध्याकाळपर्यंत संपवावं, इतकं नाजूक. लाडवात पडतं ते दोरीत ओवलेलं, चपटं, बहुतेक अफगाणिस्तानातून आलेलं. दिवेघाट चढून गेलं की ज्याच्या बागा लागतात, ते सुकं मिळवायला काबूलकडे बघायचं! बेदाण्याने ही कसर भरून काढली आहे. तो सांगली-तासगावचाच. चार किलो द्राक्षांचा किलोभर होतो. लाडवात तो घालायचा तर धुऊन, पंचावर पूर्ण कोरडा करून, आणि बेतानेच, कारण त्याला आंबटपणा असतो. अंजिराचा देठाकडचा कडक टोपीचा भाग कापून टाकायचा. तो राहिला की दातात चामडं आल्यासारखं वाटतं.

आता तो 'शुगर फ्री' शब्द. या लाडवांच्या डब्यावर ही चिठ्ठी दिसली की हात शिवशिवतात. वरच्या प्रमाणात खजुरातली साखरच १६० ग्रॅमच्या पुढे जाते. वीस लाडवांत वाटली तर दर लाडवाला आठ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. उष्मांक ऐंशीच्या घरात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शुगर फ्री म्हणवायला १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. 'वरून साखर घातलेली नाही' एवढंच खरं आहे, आणि तेवढंच म्हणावं. खजुराबरोबर चोथा येतो, बदामाबरोबर प्रथिनं येतात, हे सगळं मान्य. पण मधुमेह असलेल्या काकांना "घ्या हो, साखर नाहीच त्यात" असं म्हणत चार लाडू वाढले जातात, तेव्हा काकांचा चेहरा बघावा. त्यांना ठाऊक असतं. चारही खातात.

बिया मोजायच्या राहिल्या. वर सांगितलेल्या अडीचशे ग्रॅमला कीमिया साधारण तीस लागतात. फोडायला बसताना ते मोजून घ्यायचे आणि बिया वेगळ्या वाटीत टाकायच्या. खजूर संपले की बिया मोजायच्या. असं करणाऱ्याला घरात सगळे हसतात. गप्पा मारता मारता एखादा खजूर न फोडताच ढिगात जातो, हे हसणाऱ्यांना माहीत नसतं. मिक्सरमध्ये बी गेली तर निदान आवाजाने कळतं. कढईत कुस्करताना मुकाट्याने लगद्यात दडते. त्यावर कुणाचा तरी दात बसला तर दाताची फी सुक्या मेव्यापेक्षा बरीच जास्त असते.

आणि घरात लहान मूल असेल तर हसण्याचा विषयच संपतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा किंवा जाडसर तुकड्यांचा सुका मेवा देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मागच्या दाढांनी नीट चावता येत नाही, श्वासनलिका अरुंद असते, आणि बदामाचा एवढासा तुकडा तिथे जाऊन बसू शकतो. त्यांचे लाडू वेगळे करायचे, पूड वस्त्रगाळ केल्यासारखी बारीक, त्यावर सजावटीचा पिस्ता नाही, आणि मूल बसलेलं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, छोट्या घासांत द्यायचे. धावत्या मुलाच्या तोंडात लाडू कोंबायचा नाही.

वाटीत बिया एकोणतीस भरल्या तर पुन्हा मोजायच्या. तिसावी बहुतेक वेळा वाटीच्या बुडाला चिकटलेली असते, नाहीतर आपल्याच मनगटाला. तिथेही नसली तर गॅस पेटवायचा नाही. फोडलेला सगळा खजूर ताटात पसरायचा आणि एकेक चाचपायचा.