तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजमेंट आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र कशाला?

हा प्रश्न मला कुठेही गाठतो. लग्नाच्या पंगतीत, डिचोली-पणजी कदंब बसमध्ये, देवळाच्या पायरीवर. "बाय, तू इंग्लंडला जाऊन नेमकं काय शिकलीस गे?" मी सांगते, बिझनेस मॅनेजमेंट आणि क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्ह्यांचा अभ्यास, दोन्ही मिळून एकच पदवी. लगेच पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे पोलिसात जाणार?" अलीकडे विचारणारे बहुतेक बारावीतल्या मुलांचे आईवडील असतात आणि त्यांना खरंच निर्णय घ्यायचा असतो. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी आमच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. बाबांचं डिचोलीच्या बाजारात भुसारी दुकान. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला पतसंस्थेसाठी रोजची बचत, म्हणजे पिग्मी, गोळा करणारे पिग्मीकाका यायचे. काखेत रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. बाबांकडून शंभराची नोट घ्यायची, गुलाबी कार्डावर त्या तारखेच्या चौकोनात आकडा घालायचा, बाजूला सही. धंदा नसेल त्या दिवशी बाबा म्हणायचे, "आज पन्नासच घे." ते पन्नास घ्यायचे आणि तेवढ्याच आपुलकीनं चौकोन भरायचे. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेनं घरोघर फिरून रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तीच ही पद्धत. आमच्याकडे पिग्मीची रक्कम चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, काढायची. गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानापासून आमच्या नव्या कपड्यांपर्यंत सगळं त्यातूनच.

२०१३ च्या चवथीआधी बाबा पतसंस्थेत गेले. कार्डावरची बेरीज ३१,४०० होती. संस्थेच्या खातेवहीत ९,६०० होते. बाबा घरी आले तेव्हा कार्ड हातातच होतं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात अर्धा बाजार उभा होता, प्रत्येकाच्या हातात तसंच गुलाबी कार्ड. मी तेव्हा आठवीत होते.

काका चोर निघाले, असं गाव म्हणालं. मला ते पटत नव्हतं आणि का पटत नाही ते सांगताही येत नव्हतं. हळूहळू कळलं ते असं. काकांनी कर्ज काढून खाणीवर ट्रक लावला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, तीन दिवसांत राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ते मात्र चालूच. घरी त्यांनी सांगितलं नाही, भावाला नाही, संस्थेत तर नाहीच. हातात रोज संध्याकाळी रोकड होती.

पुढे विद्यापीठात पहिल्याच सत्रात डोनाल्ड क्रेसी भेटला आणि मी वर्गात ताठ बसले. या अमेरिकी अभ्यासकानं तुरुंगात जाऊन अफरातफरीच्या कैद्यांशी बोलणी केली आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. माणसाला पैशांची अशी अडचण येते जी तो कुणाला सांगू शकत नाही. ती गुपचूप सोडवण्याची संधी आपल्या कामातच आहे, हे त्याला दिसतं. आणि स्वतःला द्यायला त्याच्याजवळ एक वाक्य असतं, बहुतेक वेळा "मी फक्त वापरतोय, परत घालणार आहे." पिग्मीकाकांना मी त्या पानांत ओळीओळीला पाहिलं.

तरी नुसत्या क्रिमिनॉलॉजीनं माझं समाधान झालं नसतं. आमच्या पदवीत वर्षाला १२० क्रेडिट असायची, साधारण निम्मी इकडची, निम्मी तिकडची. सोमवारी क्रेसी, तर मंगळवारी कामाची विभागणी, उद्दिष्टं, मोबदला, अंतर्गत नियंत्रण. मंगळवारच्या तासाला मला पतसंस्था दिसायची. नऊ वर्षं काकांचा रस्ता बदलला नव्हता. त्यांनी कधी आठवडाभराची सुट्टी घेतली नव्हती, उलट त्याबद्दल संस्थेनं त्यांचा सत्कार केला होता. पैसे गोळा करणारा आणि त्याची नोंद आणून देणारा माणूस एकच. ग्राहकाचं कार्ड आणि संस्थेची वही कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती. भारतात रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२१ मध्ये तो आणखी नेटका केला गेला: बँकेत नाजूक जागेवर बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सलग निदान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीनं रजेवर पाठवायचं. त्या दिवसांत दुसरा कुणीतरी त्याच्या खुर्चीत बसतो आणि लपवलेलं वर येतं. हा नियम मॅनेजमेंटचा की क्रिमिनॉलॉजीचा, तुम्हीच सांगा. मला तरी तो दोन्ही विषयांचा सांधा वाटतो.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारण्याचा दट्ट्या होता. २०१६ मध्ये उघड झालं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता सुमारे वीस लाख खाती उघडली असावीत. ५,३०० जणांना काढण्यात आलं होतं, बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. एवढी माणसं एकाच वेळी बिघडली असं कोण म्हणेल? उद्दिष्ट कुणी ठरवलं, ते न गाठणाऱ्याचं काय व्हायचं, हे विचारल्याशिवाय त्या गुन्ह्याला हात घालताच येत नाही. आणि ते प्रश्न मॅनेजमेंटचे.

या विषयाचा मूळपुरुष म्हणजे एडविन सदरलँड. पांढरपेशा गुन्हा, म्हणजे प्रतिष्ठित माणसानं आपल्या कामाच्या ओघात केलेला गुन्हा, ही कल्पना त्यानं १९३९ मध्ये एका भाषणात मांडली. पुढे सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निकाल त्यानं मोजले, नुसते फौजदारी नव्हे तर दिवाणी आणि प्रशासकीयसुद्धा. ते ९८० भरले. १९४९ मध्ये पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकानं कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट ते छापायला १९८३ उजाडलं. आमच्या बाईंनी सांगितलं, आपापल्या गावचं उदाहरण आणा. मी आमच्या खाणी नेल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गोव्यातल्या खाणींच्या लीझची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे त्यानंतरची जवळपास पाच वर्षं आमच्या दारावरून जो माल गेला, तो वैध लीझशिवाय गेला. वर्गात तासभर वाद झाला: याला गुन्हा म्हणायचं की अनियमितता? मी एवढंच विचारलं की ३१,४०० चा हिशेब चुकला तेव्हा आमच्या गावाला शब्द शोधावा लागला नव्हता, मग इथे का लागतो? आजही मला याचा राग येतो.

तिसऱ्या वर्षी प्रबंधासाठी पिग्मीकाकांशी बोलावं असं मनात होतं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं ओळखीच्या माणसाची मुलाखत घेऊ दिली नाही आणि ते बरोबरच होतं. मी सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारीण म्हणून त्यांना भेटले. तोवर त्यांनी प्लॉट विकून बऱ्याच जणांचे पैसे फेडले होते, आमचेही. चहा घेता घेता ते आपणहून म्हणाले, "बाय, पहिल्या महिन्यात कोणी कार्ड मागितलं असतं तर मी तिथेच रडलो असतो गे. कोणी मागितलंच नाही." मी यावर काही बोलले नाही. त्यांनी लोकांचे पैसे घेतले, बाबांनी ती चवथ उधारीवर काढली, हे मी विसरलेले नाही. पण त्या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं शिकत होते असं मला वाटलं.

आता काम. मी किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात अंतर्गत लेखापरीक्षण करते. गेल्या मोसमात बारची रद्द झालेली बिलं पाहत होते. रात्री अकरानंतरची, रोखीची, सगळी एकाच लॉगिनवरून. ते लॉगिन ज्या कॅप्टनचं, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाचं, तो महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेलेला. पासवर्ड काउंटरखाली चिकटवलेला, सगळ्या पोरांना ठाऊक. व्यवस्थापकांना आधी नाव हवं होतं. मी आधी तीन गोष्टी मागितल्या: माणूस सोडून गेला की त्याच दिवशी लॉगिन बंद, बिल रद्द करायला दुसऱ्याची मंजुरी, आणि टिपांची वाटणी लेखी. नाव आठवड्याभरात कळलंच. पोरगा नोकरीवरून गेला. ती भोकं तशीच राहिली असती तर पुढच्या मोसमात दुसरा पोरगा गेला असता.

पोलिसात जायचं असेल तर या पदवीची गरज नाही, भरतीचे नियम वेगळे. या शिक्षणावर कामं मिळतात ती अंतर्गत लेखापरीक्षण, बँकेतलं अनुपालन (नियम पाळले जातात का ते पाहणं), काळ्या पैशावरची देखरेख, विम्याच्या दाव्यांची पडताळणी, अशी. टेबलावर बसून, आकड्यांत डोकं घालून करायची. सिनेमातला तपास डोक्यात असेल त्या मुलाला पहिल्याच वर्षी कंटाळा येईल. आणि केवळ यासाठी घर गहाण टाकून परदेशी जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. आता नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय घेता येतो. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी दिली आहे, तासिका एकमेकींवर येत नसतील तर. इथेच बीबीए किंवा बी.कॉम. करून सोबत समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा घेतला तरी अर्धी वाट सरते. राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचा परिसर तर आपल्या फोंडा भागातच आहे, तिथे एकदा मुलाला घेऊन जाऊन या.

प्रवेशाआधी वाचून पाहायचं असेल तर माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या घरी आहेत, क्रेसीचा भाग निळ्या वहीत. बुधवारी बाजाराला याल तेव्हा दुकानात बाबांकडे मागा. कोण घेऊन गेलं ते मात्र ते लिहून ठेवतात आणि खाली तुमची सही घेतात.