डिव्हचं बटण

बर्लिनमध्ये मीटिंग ठरल्या वेळेला संपते. गेल्या मंगळवारची मात्र लांबली. विषय होता, रिअ‍ॅक्टमधलं आमचं ऑनलाइन दुकान स्वेल्टमध्ये न्यायचं का? (दोन्ही वेबसाइट बांधायची साधनं, स्वेल्ट त्यातलं नवं.) एका तरुण सहकाऱ्याने डेमो करून आणला होता. कोड सुटसुटीत होता, खोटं कशाला बोलू. तरी माझ्या पोटात गोळा आला.

पुण्यात असताना जेक्वेरी या अशाच जुन्या साधनावर हात बसला, मग अँग्युलरजेएस हे पुढचं शिकलो. ते जमतंय म्हणेस्तोवर 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं. आडनाव तेच, माणूस दुसरा. जुना कोड जवळपास नव्याने लिहिला. पुढे रिअ‍ॅक्टमध्ये क्लास वापरून लिहायची पद्धत अंगवळणी पडली, तर 2019 मध्ये हुक्स ही नवी पद्धत आली. नव्याचे नऊ दिवस निदान नऊ महिने तरी चालावेत!

28 जून 2025 पासून युरोपात ऑनलाइन दुकानं अपंग ग्राहकांनाही वापरता यावीत असा कायदा लागू झालाय. त्यासाठी आमच्याकडे एक अंध बाई चाचणीला येतात. माउस नाही, नुसता कीबोर्ड आणि कानात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. टॅब, टॅब, टॅब करत त्या 'ऑर्डर करा'पाशी आल्या आणि थेट पुढे गेल्या. त्यांच्यासाठी तिथे बटण नव्हतंच! आम्ही डिव्हला, म्हणजे वेबपानावरच्या नुसत्या कोऱ्या चौकटीला, रंग आणि सावली देऊन बटणासारखं सजवलं होतं. त्यावर टॅब थांबत नाही, एंटर चालत नाही, स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. एचटीएमएल या वेबपानांच्या मूळ भाषेतलं खरं बटण हे तिन्ही फुकट देतं, तेही 1997 पासून.

मीटिंगमध्ये मी डेमोचा कोड उघडायला लावला. तिथेही डिव्हच! वास्तविक स्वेल्ट अशा डिव्हवर कंपाइल करतानाच, म्हणजे कोड ब्राउझरसाठी तयार करतानाच, कुरकुरतं. पठ्ठ्याने ती सूचनाच बंद करून ठेवली होती. (रिअ‍ॅक्टमध्ये आम्हीही तेच केलं होतं, म्हणून मी फार ताणलं नाही.) निर्णय पुढे ढकलला. दोन दिवस मी नुसती बटणं बदलत होतो.

मीटिंगच्याच रात्री सांगलीहून मावसभावाचा मेसेज आला, "दादा, रिअ‍ॅक्ट शिकू की स्वेल्ट?" मी लिहिलं, आधी साधं एचटीएमएल नीट शिक, आता पॉपअपसाठी डायलॉगसुद्धा सगळ्या ब्राउझरमध्ये आयता मिळतो. त्याने अंगठा पाठवला. मिनिटभराने दुसरा मेसेज, "पण इंटरव्ह्यूत रिअ‍ॅक्टच विचारतात ना?"

मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी "हो" एवढंच पाठवलं.