चोकची वायर मिळत नाही म्हणे!

“मिळत नाही, आणि आम्ही बनवूनही देत नाही.” जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या एका दुकानात गेल्या आठवड्यात हे ऐकलं आणि दिवसभर डोकं तापलेलं राहिलं.

मागायला गेलो होतो चोकची वायर. माझी 1996 ची दोन सिलिंडरची जपानी मोटारसायकल, ऑक्टोबरात सेकंडहँड घेतलेली. डाव्या मुठीजवळचा चोकचा खटका जागेवर आहे, पण पुढे वायरच नाही. आधीच्या मालकाचं उन्हाळ्यात तिच्यावाचून अडलं नसेल. आता सकाळी पारा दोनवर असतो. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त लागतं. कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, प्लंजर (दट्ट्या) ओढून ते सोडायचं काम या वायरचं.

मी दुकानदाराला म्हटलं, कुठलीही आऊटर-इनर, म्हणजे बाहेरची नळी आणि आतली तार घ्या, मापाने कापा, टोकाला ती अडकवायची गोळी बसवा. तर तो म्हणाला, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? अहो, ब्रेकच्या वायरला जोडाजोड करू नये हे मलाही कळतं. पण ही वायर तुटली तर फार तर गाडी सुरू होणार नाही! आमच्या मामांचं गॅरेज धुळ्यात पारोळा रोडवर आहे. तिथे खिळ्याला जुन्या वायरींचा जुडगा टांगलेला असतो. त्यातली एक निघाली असती, चहा यायच्या आत बसली असती, आणि बिघडली असती तर मामा समोरच होते. ‘जबाबदारी’ हा शब्द मला मामांनी शिकवला, त्या दुकानाने नाही.

असं लिहिलं की मित्र विचारतात, मग राहतोस कशाला तिकडे? राहतो, कारण काम मनासारखं आहे आणि मुलगी शाळेत एकटी चालत जाते. जुनी गाडी घेतली तीही हौस म्हणून नाही, रात्रपाळीला ट्राम मिळत नाही म्हणून.

रविवारी अंगणात टाकी उतरवून बसलो होतो. तळमजल्यावरचे आजोबा आले आणि म्हणाले, आज ठोकाठोक नको. इथे रविवारची शांतता थेट राज्यघटनेत आहे. 1919 च्या घटनेतलं कलम 1949 च्या घटनेतही तसंच ठेवलंय. मी निमूट स्पॅनर गोळा करू लागलो. पण आजोबांनी खटका पाहिला, मोकळं टोक पाहिलं आणि मला तळघरात घेऊन गेले.

तिथे त्यांची सिमसन, पूर्व जर्मन बनावटीची मोपेड, उभी होती. पूर्व जर्मनीत त्यांचं तारुण्य गेलं. सुटे भाग मिळायचे नाहीत, म्हणून सगळे हातानेच बनवायचे. डब्यातून त्यांनी पितळी गोळ्या ओतल्या तेव्हा मला मामांचा पत्र्याचा डबा दिसला. मी त्यांना मामांच्या राजदूतबद्दल सांगितलं, मूळ पोलंडच्या एसएचएलवरून घेतलेली. आजोबांना एसएचएल माहीत होती! दोघं मग किती वेळ तेच बोलत बसलो.

मामांना व्हिडिओ कॉल लावला. धुळ्यात तेव्हा साडेतीन वाजले होते. मामा म्हणाले, इनर नुसती डाखू नको, निसटेल. आधी गोळी ओव, मग टोकाचे धागे फुलव, गोळी त्यांच्यावर ओढ आणि मग डाख भर. आजोबा भाषा न कळताही मान हलवत होते, कारण त्यांचे हात तेच करत होते. तारा एकेक करून उलगडल्या, छोट्या झाडूसारख्या झाल्या, आणि कथील त्यांच्यात झरझर शिरलं. गार झाल्यावर पक्कडीने ओढून पाहिली. हलली नाही.

वायर नेताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. ती कुठे ताणली तर चोक आपोआप थोडा उघडा राहतो, प्लग काळा पडतो आणि पेट्रोल उगाच जळतं. म्हणून खटक्याशी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली.

गाडी सोमवारी संध्याकाळी सुरू केली. दुसऱ्या किकला नाही, बटणाच्या पहिल्याच दाबाला! धुळ्यात रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी मामा जागे होते. मी फोन सायलेन्सरजवळ धरला. इंजिन मोठ्याने घुमत होतं, माझे डोळे भरून आले होते, बोलता येईना.

तिकडून मामा ओरडले, “अरे भो, आते चोक बंद कर! किती पेट्रोल पाजशी तिले?”